नाडी मंदावली, दोष कुणाचा?

साशंक : ९ जून २०२१ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं मुलांच्या कोविडसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अठरा वर्षांखालच्या रुग्णाला रेमडेसिविर देऊ नये, असं त्यात सरळ लिहिलं होतं. हे औषध मुलांत किती सुरक्षित आणि किती उपयोगी याची पुरेशी माहिती हाताशी नव्हती, एवढंच कारण. पण भाऊ, त्या पावसाळ्यात आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. तिसरी लाट मुलांवर येणार, हे जो तो बोलत होता. विषाणूच्या डेल्टा प्लस ह्या नव्या रूपाचा एक रुग्ण आपल्या सिंधुदुर्गातही सापडला होता. राज्यानं डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली मुलांसाठी वेगळा टास्क फोर्स नेमला होता. आणि पालकांचा पहिला प्रश्न असायचा, ‘ते इंजेक्शन मुलांसाठी ठेवलंय ना?’ त्या इंजेक्शननं हृदयाचे ठोके मंदावू शकतात, हे कुणी विचारत नव्हतं. त्याच वर्षी युरोपच्या औषध यंत्रणेनं माहितीपत्रकात तो दुष्परिणाम नोंदवायला लावला. मुलांमध्येही नाडी मंदावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. आपण मात्र ज्याची धास्ती घ्यायला हवी, त्याचाच साठा मागत होतो.

आग्रही : डॉक्टर, मागणारा मी पण होतो, म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये माणसं कुडाळ, कोल्हापूर, पणजी अशी रेमडेसिविरच्या कुपीच्या मागे धावली. ११ एप्रिलला सरकारला त्याची निर्यात बंद करावी लागली. ती धावाधाव बघितलेल्या माणसानं मुलासाठी तेच मागितलं, तर त्याला भाबडा म्हणा, पण निष्काळजी म्हणू नका. आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. नाडी मंदावणं म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. तुम्हीच छापलेल्या नोंदी सांगता ना, मग त्यांचा शेवटही सांगा. बहुतेक मुलांत औषध थांबवल्यावर एक-दोन दिवसांत ठोके जागेवर आले. काहींच्या बाबतीत औषध चालू असतानाच आले. रक्तदाब ठीक, लघवी ठीक, मूल खेळतंय, आणि यंत्रावरचा आकडा तेवढा कमी. त्या आकड्याला घाबरून औषध सोडायचं का?

शिवाय आकडा कमी झाला तो औषधानंच, हे कशावरून? २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला, पुढं बांद्याकडे पसरला. काजूच्या बागेत राबणारी माणसं तापानं पडली. त्या आजारावर विषाणू मारणारं खात्रीचं औषध आजही नाही, उपचार फक्त आधाराचे. तरी त्या रुग्णांची नाडी तापाच्या मानानं मंद असते, हे तुमच्याच पुस्तकात आहे. डेंग्यूतून उठणाऱ्या मुलांची नाडी मंदावते. टायफॉइडमध्ये तर ही जुनी खूण. म्हणजे आपल्या जिल्ह्यात औषधाचा थेंबही न देता ठोके कमी होतात. मग कोविडच्या मुलात ते कमी झाले की लगेच इंजेक्शनला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करता?

साशंक : कारण इथं संशयाला शरीरशास्त्राचा आधार आहे. अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य आपल्या शरीरात असतंच. मुलाचं हृदय अकारण दोनशेच्या वर धावायला लागलं, तर आम्ही तेच शिरेतून झटकन देतो. पडद्यावरची रेघ दोन-चार सेकंद सपाट होते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग ठोके नीट चालू लागतात. अ‍ॅडिनोसिन काही सेकंदांत संपतं, म्हणून हा खेळ परवडतो. आता रेमडेसिविरची रचना बघा. ते अ‍ॅडिनोसिनसारखंच बनवलंय, कारण विषाणू स्वतःची नक्कल करताना त्याला फसावा हाच हेतू आहे. मूळ औषध रक्तात तासाभरात निम्मं होतं, पण त्याच्या विघटनातून जे उरतं त्याला निम्मं व्हायला सत्तावीस तासांच्या आसपास लागतात. अ‍ॅडिनोसिनसारखा पदार्थ दिवसभर हृदयाभोवती फिरत राहिला, तर ठोके ठरवणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होईल, ही शंका हवेतली नाही. माकडतापाचं तुमचं उदाहरण मला मान्य आहे. पण त्यातून एवढंच ठरतं की आजारानंही नाडी मंदावते. औषधानं मंदावत नाही, असं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी होत असतील, तर काळजी दुप्पट.

आग्रही : असं होऊ शकतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण किती वेळा होतं, आणि झाल्यावर मुलाचं काय बिघडतं, हे त्यातून कळत नाही. ह्या घाईचं एक उदाहरण जपानचं आहे. फ्लूवरचं टॅमिफ्लू घेतलेली काही शाळकरी मुलं भ्रमात वागली, काही उंचावरून पडली. २००७ साली तिथल्या सरकारनं १० ते १९ वयाच्या मुलांना ते देऊ नका म्हणून सांगितलं. पुढची अकरा वर्षं माहिती गोळा होत गेली. औषध न घेतलेली फ्लूची मुलंही तशीच वागतात, असं दिसत गेलं. २०१८ मध्ये ती बंदी उठली. आणि त्याच अकरा वर्षांत, २००९ साली, पुण्यात काय झालं? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. त्या ऑगस्टमध्ये टॅमिफ्लू वेळेवर मिळतंय की नाही, हाच प्रश्न महाराष्ट्रभर होता. एका देशात ज्या वयाला औषध नाकारलं, त्याच वयाच्या मुलांसाठी दुसरीकडे पालक रांगेत उभे होते. आता तुमची शंका कोणत्या रांगेत उभी करायची, ते सांगा.

साशंक : जपानची ती सूचना चुकीची होती, असं मी म्हणणार नाही. माहिती नव्हती तेव्हा ते थांबले, माहिती आल्यावर मोकळं केलं. शहाण्या यंत्रणेनं दुसरं काय करायचं? पण तुमच्या बोलण्यात ‘किती वेळा’ हा शब्द आला, तो मी सोडणार नाही. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये हे औषध २८ दिवसांच्या आणि किमान ३ किलो वजनाच्या बाळापासून पुढं मंजूर झालं. त्या मंजुरीमागे मुलांवरचा जो मुख्य अभ्यास होता, त्यात मुलं होती ५३. औषध न दिलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता. आता साधं गणित करा. ५३ मुलांत एखादा गंभीर परिणाम एकदाही दिसला नाही, असं समजू. तरी प्रत्यक्षात तो शंभरांत पाच मुलांपर्यंत होत असू शकतो, एवढ्या लहान अभ्यासातून तो निसटणं अगदी शक्य आहे. आणि तुलनेचा गट नसेल, तर नाडी आजारानं मंदावली की औषधानं, हा तुमचाच प्रश्न त्या अभ्यासाला विचारता येत नाही. तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्याचं बोललात. इथं साक्षीदारच बोलावलेला नाही, मग त्याला निर्दोष तरी कुणी सोडलं?

आग्रही : म्हणजे हे दुष्टचक्र झालं. मुलांवर चाचणी करायला कुणी धजत नाही. चाचणी नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून औषध नाही, आणि औषधच दिलं जात नाही तर माहिती येणार कुठून? मोठ्यांचं बघा. इस्पितळात दाखल झालेल्या हजारावर रुग्णांच्या चाचणीत बरं व्हायचा काळ पंधरा दिवसांवरून दहावर आला. घरीच असलेल्या पण धोका जास्त असलेल्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत फक्त तीन डोस दिले, तर दाखल व्हायची शक्यता ८७ टक्क्यांनी कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये हे औषध देऊ नका म्हणून सांगितलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याच संघटनेनं जास्त धोक्याच्या रुग्णांना द्यायला हरकत नाही म्हटलं. माहिती वाढली तसं मत बदललं. मुलांच्या बाबतीत ते मत बदलायची संधीच आपण ठेवत नाही.

साशंक : त्या ८७ टक्क्यांच्या चाचणीत ५६२ माणसं होती. त्यांत अठरा वर्षांखालची किती? आठ. आणि तीही बारा वर्षांपुढची. मोठ्यांचा फायदा मुलाच्या खात्यावर असा जमा करता येत नाही, भाऊ. धडधाकट आठ वर्षांचं मूल कोविडमधून बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आणि पेजेवर बरं होतं. ज्याला औषधाविनाच बरं व्हायचंय, त्याला औषधानं मिळण्यासारखं उरतं किती? फायदा शून्याजवळ असेल, तर धोका कितीही बारीक असो, पारडं तिकडेच झुकतं. आणि मुलांमध्ये कोविडनंतर हृदयाला खरा मार बसतो तो बहुतेकदा उशिरा, काही आठवड्यांनी. शरीराचीच प्रतिकारशक्ती खवळते आणि हृदयाचे स्नायू सुजतात. त्यावर उपचार स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनचा. विषाणूवरच्या औषधाचं तिथं मुख्य काम नाही.

फायदाच कमी पडला, असं आधीही झालंय. १९८०च्या दशकात बाळांच्या श्वसनाच्या आरएसव्ही विषाणूवर रिबाव्हायरिनची वाफ आली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९३ साली ठरावीक बाळांना ती द्यावी असं सांगितलं. तीनच वर्षांनी शब्द सौम्य केले, ‘विचार करता येईल’ एवढ्यावर आणले. ठोके मंदावणं, हृदय थांबणं ह्यांचा इशारा त्या औषधावर आहेच. पण उत्साह ओसरला तो मुख्यतः फायदाच टिकेना म्हणून. हृदयाचा प्रश्न फायद्याच्या प्रश्नापासून तोडून विचारताच येत नाही.

आग्रही : मग एचआयव्हीचं उदाहरण तुमच्याच कसोटीवर लावू. झिडोव्हुडीननं मुलांचं हृदय कमजोर होतं असा संशय बरीच वर्षं होता. २००० साली आईकडून विषाणूच्या संपर्कात आलेल्या बाळांचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात तसा परिणाम दिसला नाही. एचआयव्ही स्वतः मुलांचं हृदय थकवतो, आणि औषधं नीट चालू झाल्यावर ते दुखणं कमी होत गेलं. लोपिनाविरच्या पातळ औषधाची गोष्टही तशीच. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत हृदयाच्या ठोक्यांचे गंभीर बिघाड दिसले. २०११ मध्ये इशारा निघाला, की जन्मानंतरच्या किमान पहिल्या चौदा दिवसांत ते देऊ नका. संशय होता त्या पातळ औषधात मिसळलेल्या अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलवर. नवजात बाळाच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला ते झेपत नाही. तरी मोठ्या बाळांचं औषध बंद नाही केलं. कोणत्या वयात, कोणत्या रूपात, किती मात्रेत, हे नेमकं केलं. मला तेच हवंय. तुम्ही ‘मुलं’ म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवता. धडधाकट मूल मी आत्ताच सोडून देतो, ते तुमचं. मी विचारतोय मालवणजवळच्या वायरीतल्या किंवा देवबागेतल्या त्या मुलीबद्दल, जिला जन्मापासून हृदयात छिद्र आहे, किंवा कॅन्सरचे उपचार चालू आहेत. तिला पॅरासिटामॉल आणि पेज पुरेल का?

साशंक : नाही पुरणार कदाचित. आणि तिथंच माझी खरी अडचण सुरू होते. कारण जिला औषधाचा फायदा सगळ्यांत जास्त, तिचंच हृदय आधी दुबळं. त्यात तिच्या कागदावर एकच औषध नसतं. ताप आणि खोकल्यासाठी कुणीतरी आधीच अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलेलं असतं, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलेलं असतं. दोन्ही हृदयाच्या विजेचा एक टप्पा लांबवू शकतात. जुलाब झालेले असतील तर रक्तातलं पोटॅशियम खाली गेलेलं. कदाचित हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा प्रोप्रानोलॉल आधीपासून चालू, आणि तीही नाडी मंदावणारी. ह्या सगळ्यांवर रेमडेसिविर. एकट्या औषधाचा धोका छोटा असेलही. पण आपल्याकडे मुलाला औषध एकटं कधी मिळतं?

आणि मोजायचं कसं, तेही ऐका. वीस किलोचं मूल धरा. पहिल्या दिवशी १०० मिलिग्रॅम, पुढं रोज ५०. कुपीतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळवायची, सलाइनमध्ये मिसळायची, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत सावकाश सोडायची. सोडताना आणि त्यानंतर किमान एक तास कुणीतरी मुलाजवळ थांबायचं, असं अमेरिकेच्या माहितीपत्रकात आहे. हे लागोपाठ तीन दिवस. पण बोटाला चिमटा लावला की झालं, असं नाही. ताप उतरला की नाडी आपोआप उतरते, एका अंशाला साधारण दहा ठोके. झोपेत आणखी उतरते. दहा वर्षांच्या मुलाची रात्री दोन वाजताची नाडी साठच्या खाली दिसली, तर ते झोपेचं, ताप गेल्याचं, आजाराचं की औषधाचं? औषध सुरू करण्याआधीचे जागेपणीचे आणि झोपेतले आकडे, आणि एक ईसीजी कागदावर नसेल, तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही. आई विचारते, ‘पोराक बरा कधी वाटतला?’ तिला उत्तर द्यायला माझ्याकडे आधीचा आकडा तरी हवा ना?

आग्रही : आता तुम्ही औषधावरून व्यवस्थेवर आलात, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. पुण्या-मुंबईतल्या मुलासाठी हा सगळा पहारा आहे. मालवणच्या मुलासाठी नाही. म्हणजे औषध मुलाच्या हृदयाला धोक्याचं की नाही, हे त्याच्या पिनकोडवर ठरणार? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा मासेमारी कायमची बंद होत नाही. होड्या किनाऱ्याला येतात, वारा बघतात, ज्याची होडी दणकट तो कधी जायचं ते ठरवतो. औषधाच्या माहितीपत्रकावरचा इशारा मला तेवढाच वाटतो. तुम्ही मात्र बावटा दाखवून होडीच मोडायला निघालात. पहारा नाही तर पहारा उभा करा. ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एक मॉनिटर, एक ईसीजी यंत्र, आणि नाडी मोजता येणारी एक परिचारिका, एवढंच तर हवंय.

साशंक : यंत्र येईलही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस वीज नव्हती, हे तुम्ही विसरला नसाल. पण ते जाऊ दे, वादळ रोज येत नाही. मला भीती आहे ती साध्या दिवसाची. रात्री नाडी ४५ वर आली, मूल गळून गेलं, तर पुढचं पाऊल काय? औषध थांबवायचं, अ‍ॅट्रोपिन तयार ठेवायचं, आणि तरी नाही सावरलं तर गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळाचा रस्ता धरायचा. दोन-अडीच तास. त्या गाडीत ईसीजी वाचणारं कोण असेल? पुण्यात तोच प्रसंग एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा असतो. मी पिनकोडवर औषध नाकारत नाही. पिनकोडप्रमाणे धोका बदलतो, एवढंच सांगतेय.

आग्रही : पण तो रस्ता दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब आहे, डॉक्टर. औषध दिलं नाही आणि त्या मुलीचा श्वास लागला, तरी बांबोळीलाच जायचंय, त्याच दोन-अडीच तासांत. लांबचा रस्ता हे औषध न देण्याचं कारण होतं, तसंच लवकर देण्याचंही होतं. पहिल्या काही दिवसांत दिलं तर ती दाखल व्हायची वेळ टळू शकते, हीच तर त्या तीन डोसांची कल्पना आहे. तुम्ही रस्ता एकाच बाजूनं मोजता.

साशंक : हे मात्र खोडून काढता येत नाही. मान्य. माझं म्हणणं मग असं उरतं. धडधाकट मुलाला हे औषध नको, त्याबद्दल आपलं भांडण नाही. दम लागलेल्या, इस्पितळात दाखल झालेल्या मुलाचा निर्णय मॉनिटरजवळ बसून घ्यायचा, तिथंही नाही. भांडण आहे ते ह्या दोघांच्या मधल्या मुलाचं. आज बरं दिसतंय, पण आधीचा आजार आहे, आणि घर मालवणात आहे. त्याच्या बाबतीत मला रात्रीच्या मंद नाडीची भीती जास्त वाटते, तुम्हाला चौथ्या दिवशीच्या धापेची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांचं वजन करायला जो आकडा लागतो, तो अशा मुलांचा कुणी गोळा केलेला नाही.

आग्रही : आणि गोळा होणार तरी कसा? देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादहून चालतो. फॉर्म आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन आहे. पण तिथं दिसेल तेवढंच पोचतं. थायलंडमध्ये सहा महिन्यांच्या बाळाला कोविडसाठी फॅविपिराविर दिलं, आणि अठरा तासांत त्याचे काळेभोर डोळे निळे झाले. आईनं बघितलं, औषध थांबवलं, पाचव्या दिवशी डोळे पुन्हा काळे. जगभर बातमी गेली. झोपलेल्या बाळाची नाडी मंदावते तेव्हा आईला काही दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, न दिलेल्या औषधाचा फॉर्म कुठं आहे? इंजेक्शन दिलं आणि नाडी पडली, तर तुमच्या नावावर नोंद होते. इंजेक्शन नाकारलं आणि चौथ्या दिवशी मूल गाडीत घालावं लागलं, तर ती नोंद कुणाच्याच नावावर होत नाही. डॉक्टर सावध होतात ते मुलासाठी की फॉर्मसाठी, हा माझा प्रश्न आहे.

साशंक : प्रश्न झोंबणारा आहे, पण खोटा नाही. ठीक आहे, न दिलेल्याचीही नोंद ठेवू. कोणत्या मुलाला कोणत्या कारणासाठी नाकारलं, आधीची नाडी किती होती, सातव्या दिवशी काय झालं. एवढा कागद मला चालेल. फक्त एक लक्षात ठेवा. अशा बहुतेक मुलांच्या पुढं ‘घरीच बरं झालं’ एवढंच लिहिलेलं सापडेल, असा माझा अंदाज आहे. मग तुम्ही तुमचा आग्रह सोडाल?

आग्रही : बहुतेकांच्या पुढं सापडेल, हे मलाही माहीत आहे. मी राहिलेल्यांबद्दल बोलतोय. ती दोन-तीन नावं तुम्हाला सापडली, तर तुम्ही तुमची शंका सोडाल?

साशंक : सोडणार नाही. त्या दोन-तीन नावांसमोर मला औषध दिलेल्यांपैकी मंद नाडीची नावं ठेवायला लागतील. कुठली दोन नावं कुठल्या तिघांपेक्षा जड, हे कागद सांगत नाही. ते ठरवायला आई-बाप आणि डॉक्टर एका खोलीत लागतात. आज ते तिथं बसतात तेव्हा दोघांच्याही हातात आकडा नसतो, आणि आवाज मात्र एकाचाच मोठा असतो.

आग्रही : तुमचा, म्हणजे डॉक्टरचा. २०२१ मध्ये आम्ही इंजेक्शन मागत होतो ते त्या आवाजाला उत्तर म्हणून. ते उत्तर चुकीचं असेल. पण आम्ही गप्प बसायला हवं होतं, हे मला अजून पटलेलं नाही.